वीस पिनांचा करार

मदरबोर्डला वीज देणारा मुख्य कनेक्टर दिसायला अगदी साधा असतो. मूळ रूपात दोन ओळींत दहा-दहा खाचा, प्रत्येक खाचेच्या पोटात एक धातूची पिन आणि एका अंगाला दाबून सोडायची कडी. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे मानक जाहीर केलं, तेव्हा या वीस पिनांपैकी कुठली काय वाहील हेही ठरलं. पहिल्या दोन पिनांवर ३.३ व्होल्ट, तिसरीवर ग्राउंड, चौथीवर ५ व्होल्ट, पाचवी पुन्हा ग्राउंड, असा तो क्रम दहावीवरच्या १२ व्होल्टपर्यंत आणि तिथून दुसऱ्या ओळीत जातो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेल कंपनीने आपल्या डेस्कटॉपसाठी नेमका हाच कनेक्टर घेतला. प्लॅस्टिक तेच, कडी तीच, पिनांची संख्या तीच. आतला क्रम मात्र तीन घरं सरकवलेला होता. मानकातल्या पहिल्या तीन जागा गाळून चौथी ते दहावी ही मांडणी जशीच्या तशी पहिली ते सातवी या पिनांवर आणली होती. ३.३ व्होल्टच्या तारा या कनेक्टरमधून काढून सहा पिनांच्या एका वेगळ्या कनेक्टरमध्ये ठेवल्या होत्या. असा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, साध्या एटीएक्स मदरबोर्डला लावला, की कनेक्टर खट्‌कन बसतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. बोर्ड पहिल्या पिनेवर ३.३ व्होल्टची वाट पाहत असतो, तिथे ५ व्होल्टची तार येते. तिसऱ्या पिनेवर बोर्डाचं ग्राउंड असतं, तिथेही ५ व्होल्ट येतात. चौथीवर उलट प्रकार होतो. मग एक तर एसएमपीएस आपलं संरक्षण वापरून लगेच बंद पडतो, नाहीतर बोर्ड किंवा एसएमपीएस किंवा दोन्ही जळतात. 'अपग्रेडिंग अँड रिपेअरिंग पीसीज' या जाडजूड ग्रंथाचे लेखक स्कॉट म्यूलर यांनी या सापळ्याबद्दल वाचकांना आवर्जून सावध केलं आहे.

एखाद्या कंपनीचा खास बनावटीचा एसएमपीएस साध्या मदरबोर्डला जोडता येईल का, या प्रश्नाकडे बहुतेक जण जोडतारेचा प्रश्न म्हणून पाहतात. इकडचं टोक असं आहे, तिकडचं तसं आहे, मधे एक केबल मिळाली की झालं. माझ्या मते चूक इथेच होते. कनेक्टर हा आकार आहे, पण मानक हा करार आहे. कुठल्या तारेवर किती व्होल्ट, ते केव्हा यायचे, किती अँपिअरपर्यंत टिकायचे आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना कोणत्या खुणा करायच्या, हे सगळं त्या करारात येतं. हा करार समजून घेतला तर खास बनावटीचा एसएमपीएस वापरणं शक्य असतं आणि बऱ्याचदा ते शहाणपणाचंही ठरतं. तो न समजता घेतलेली केबल म्हणजे डोळे झाकून लावलेली केबल. आणि हे काम जे अवघड होऊन बसलं आहे ते विजेच्या नियमांमुळे कमी, आणि कंपन्यांनी करार छापून न दिल्यामुळे जास्त.

एटीएक्सच्या आधीचा काळ पाहिला तर करार कसा घडत गेला ते कळतं. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत ६३.५ वॅटचा एसएमपीएस होता आणि त्यातून बोर्डाकडे सहा-सहा पिनांचे दोन कनेक्टर जात, पी-८ आणि पी-९. ते एकमेकांच्या जागी बसवता येत, आणि तसं झालं तर बोर्ड संपलाच. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी एक साधा नियम पाठ केला होता: दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. एटीएक्सने दोन कनेक्टरांचा एक केला आणि काही खाचा चौकोनी, काही कोपरे कापलेल्या ठेवल्या, म्हणजे उलटा घालायचा म्हटलं तरी तो जाऊ नये. जी काळजी आधी माणसाच्या लक्षात राहण्यावर सोपवलेली होती, ती आता प्लॅस्टिकने उचलली. डेलच्या त्या कनेक्टरबद्दल खरी तक्रार याच ठिकाणी आहे. वेगळा क्रम हवा होता तर वेगळा आकार घ्यायचा. 'मी ओळखीचा आहे' असं सांगणाऱ्या आकारात अनोळखी क्रम घालणं म्हणजे त्या आकारावरचा विश्वासच मोडणं.

व्होल्ट हा कराराचा सोपा भाग. खरी गुंतागुंत आहे ती तीन बारीक तारांमध्ये, आणि जोडतारा बनवणारे सर्वाधिक चुकतात तेही इथेच. मानकातली जांभळी तार स्टँडबायची. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी, तिच्यावर ५ व्होल्ट असतात. कॅबिनेटवरचं बटण आपण दाबतो ते 'ऐकणारी' यंत्रणा याच विजेवर जागी असते. ते बटण दाबल्यावर बोर्ड हिरवी तार ग्राउंडकडे खेचतो आणि हा इशारा मिळाल्यावर एसएमपीएस बाकीचे व्होल्ट सुरू करतो. म्हणजे एटीएक्समध्ये बटण वीज जोडत नाही, ते विनंती करतं. तिसरी तार करडी, 'पॉवर गुड'ची. सगळे व्होल्ट आपापल्या मर्यादेत आले, की त्यानंतर १०० ते ५०० मिलिसेकंद थांबून एसएमपीएस या तारेवर 'आता हरकत नाही' असं कळवतो आणि तेव्हाच प्रोसेसर कामाला लागतो. वीज गेली तर व्होल्ट ढासळण्याच्या किमान एक मिलिसेकंद आधी हीच तार खाली यावी, असंही मानक सांगतं. स्वस्त जोडतारांमध्ये ही करडी तार सरळ ५ व्होल्टच्या तारेला बांधून टाकलेली आढळते. कॉम्प्युटर चालू होतो, बनवणारा खूश होतो. पण त्या बोर्डाला आता कायमच 'सगळं ठीक' असं ऐकू येतं, व्होल्ट अजून चढत असतानाही आणि पडत असतानाही. जिथे वीज झटके देत येते-जाते आणि घरोघरी यूपीएस मेन्सवरून बॅटरीवर उडी मारत असतात, तिथे हा खोटा निरोप कधी हार्डडिस्कवरचं अर्धवट लेखन म्हणून, तर कधी कारण न सापडणारं रीस्टार्ट म्हणून समोर येतो. दोष मात्र मदरबोर्डाच्या माथी बसतो.

खास बनावटीचे एसएमपीएस साधारण दोन जातींचे असतात आणि त्यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. पहिल्या जातीत सगळा माल आहे, फक्त मांडणी वेगळी. डेलचा तो जुना एसएमपीएस याच जातीचा. त्यात ३.३, ५, १२, उणे १२ व्होल्ट, स्टँडबाय आणि दोन्ही इशारे, सगळं होतं. त्याला साध्या बोर्डाशी जोडायचं तर पिना खाचांतून काढून मानक क्रमाने बसवायच्या आणि सहा पिनांच्या कनेक्टरमधले ३.३ व्होल्ट मुख्य कनेक्टरच्या पहिल्या, दुसऱ्या आणि अकराव्या पिनेवर आणायचे. काम चिकाटीचं आहे, पण त्यात विजेचं काही रूपांतर नाही. ३.३ व्होल्टच्या शेवटच्या पिनेत जाड तारेबरोबर अनेकदा एक बारीक तपकिरी तार खोचलेली दिसते. बोर्डापर्यंत पोहोचताना व्होल्ट किती घटले हे एसएमपीएस तिच्यावरून जोखतो आणि तितकी भर घालतो. ती अनावश्यक समजून कापली, तर एसएमपीएस बिथरतो किंवा सुरूच होत नाही. लांबी वाढवायची झाली तर या तारेचं टोकही बोर्डाच्या बाजूलाच पोहोचायला हवं.

दुसऱ्या जातीत मुळात मालच कमी आहे. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या गेल्या दशकभरातल्या ऑफिस डेस्कटॉपपैकी पुष्कळ मॉडेल्समध्ये एसएमपीएसमधून मुख्यतः १२ व्होल्टच निघतात. ५ आणि ३.३ व्होल्ट मदरबोर्डच स्वतःवर तयार करतो. म्हणून त्यांचे कनेक्टर सहा, आठ, दहा किंवा चौदा पिनांचे, आटोपशीर. 'गिऱ्हाईक बांधून ठेवायला केलेली ही चलाखी' असं याबद्दल सर्रास म्हटलं जातं, आणि इथे मला कंपन्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. १०० वॅट पोहोचवायला ५ व्होल्टवर २० अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर जेमतेम सव्वाआठ. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे त्याच तारेत ५ व्होल्टचा तोटा १२ व्होल्टच्या जवळजवळ पावणेसहा पट होतो. शिवाय आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही आपली वीज १२ व्होल्टवरून उतरवून घेतात, ५ आणि ३.३ व्होल्टची गरज रोडावली आहे. तरीही ते तयार करणारी यंत्रणा एसएमपीएसमध्ये ठेवायची आणि कॉम्प्युटर नुसता बसलेला असतानाही तिचा तोटा सोसायचा, याला अर्थ उरला नव्हता. कॅलिफोर्नियाने स्वस्थ बसलेल्या डेस्कटॉपच्या वीजखर्चावर मर्यादा घातल्यावर हा हिशेब आणखी टोकदार झाला. इंटेलने त्यानंतर मांडलेलं एटीएक्स-१२-व्हीओ हे मानक नेमकं हेच करतं: दहा पिनांचा कनेक्टर, फक्त १२ व्होल्ट, स्टँडबायसुद्धा १२ व्होल्टची. ज्या रचनेला लोक लबाडी म्हणत होते, तीच पुढे मानक झाली. म्हणजे रचनेत खोट नव्हती. खोट होती ती प्रत्येक कंपनीने आपापला वेगळा कनेक्टर काढून त्याचा नकाशा ग्राहकाला न देण्यात.

अशा १२ व्होल्टवाल्या एसएमपीएसवर साधा मदरबोर्ड चालवायचा, तर मधे एक रूपांतरक लागतो, जो १२ व्होल्ट घेऊन ५, ३.३ आणि उणे १२ व्होल्ट तयार करेल. आजच्या बोर्डांवर मुख्य सॉकेट वीसऐवजी २४ पिनांचं असतं, आणि त्यावर थेट बसणाऱ्या छोट्या पट्ट्या यासाठी मिळतात. पिकोपीएसयू हे त्यांतलं सर्वांत ओळखीचं नाव. पट्टी बसवली आणि १२ व्होल्ट दिले की संपलं, असं वाटतं, आणि मग कळतं की कॅबिनेटचं बटणच दाद देत नाही. कारण पुन्हा त्या जांभळ्या तारेशी येऊन थांबतं. एसएमपीएस झोपलेला असताना त्याचे मुख्य १२ व्होल्ट बंद असतात, म्हणून पट्टीला वीज नाही. पट्टीला वीज नाही म्हणून ५ व्होल्टची स्टँडबाय नाही. स्टँडबाय नाही म्हणून बटण ऐकायला कोणी जागं नाही, आणि बटण ऐकलं गेलं नाही म्हणून एसएमपीएसला उठवायला कोणी नाही. ही गाठ दोन प्रकारे सुटते. एक, एसएमपीएसची चालू करणारी तार कायमची ग्राउंडला बांधायची. मग तो चोवीस तास जागा राहतो, पंखा फिरतो, मीटर चालत राहतो, आणि वीज वाचवण्यासाठी घडवलेल्या यंत्राचा मूळ उद्देशच बाद होतो. दुसरा मार्ग नेटका आहे. एसएमपीएसच्या स्वतःच्या स्टँडबाय तारेवरून एका छोट्या उतार-रूपांतरकाने ५ व्होल्ट करून बोर्डाच्या नवव्या पिनेवर द्यायचे, आणि पट्टीची स्वतःची स्टँडबाय तिथून तोडायची, कारण दोन उगम एकाच पिनेवर भांडू लागले तर दोघंही तापतात. मग बोर्डाचा हिरव्या तारेवरचा इशारा एसएमपीएस आणि पट्टी दोघांनाही मिळेल अशी जोडणी करायची. प्रोसेसरच्या चार पिनांच्या कनेक्टरला मात्र पट्टीच्या बारीक तारांतून वीज नेऊ नये. ती एसएमपीएसच्या १२ व्होल्टवरून थेट आणावी.

इथवर क्षमतेचा प्रश्न बाजूला होता, पण घातक चुका अधिक तिथेच होतात, कारण त्या लगेच दिसत नाहीत. लेबलवरचे वॅट हा एकच आकडा नसतो, ती वेगवेगळ्या व्होल्टांवरच्या मर्यादांची बेरीज असते. २००० साली पेंटियम ४ बरोबर प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरून १२ व्होल्टकडे गेली आणि चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला. त्याआधीच्या एसएमपीएसची बरीचशी ताकद ५ व्होल्टवर असते. अडीचशे वॅटचा जुना एसएमपीएस नव्या बोर्डावर दमतो तो यामुळे. त्यातच जुन्या स्वस्त रचनांमध्ये ५ आणि १२ व्होल्ट एकाच नियंत्रणाला बांधलेले असतात. सगळा भार १२ व्होल्टवर आला की १२ खाली बसतात आणि ५ वर चढतात. मानकाने अधिक पाच टक्के ते उणे पाच टक्के इतकीच मोकळीक दिली आहे, म्हणजे १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्येच हवेत आणि ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये. रिकामा एसएमपीएस मोजून आलेले आकडे म्हणून फार काही सांगत नाहीत. बोर्ड चालू असताना, प्रोसेसरला काम देऊन, कनेक्टरच्या मागच्या बाजूने मल्टीमीटरची टोकं खोचून घेतलेलं मोजमाप खरं. हाताने केलेल्या जोडांची परीक्षाही याच वेळी होते. पिळून टेप गुंडाळलेला जोड दोन अँपिअरवर निमूट राहतो, दहा अँपिअरवर प्लॅस्टिक पिवळं पाडतो. अर्धा तास भार दिल्यावर जोडाला बोट लावून तो कोमटपेक्षा गरम लागला, तर तो पुन्हा करायचा, त्यात सवलत नाही.

नकाशा उपलब्ध नसेल तर? तारांच्या रंगांवर विसंबू नये. मानकातले रंग हे सोयीसाठी आहेत आणि खास बनावटीत तेच रंग भलत्याच कामाला लावलेले असतात. पण एसएमपीएस न उघडता, बाहेरून नकाशा काढता येतो. वीज तोडून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा आणि धातूच्या डब्याशी ज्या ज्या पिना बीप देतात त्या ग्राउंड म्हणून खुणायच्या. मग वीज द्यायची, पण एसएमपीएस बंदच ठेवायचा. आता ज्या पिनेवर भक्कम व्होल्ट दिसतात ती स्टँडबाय. त्या अवस्थेत आणखी एखाद्या पिनेवर हलके व्होल्ट दिसतात, आणि ती बहुधा चालू करण्याची तार असते. ती थेट ग्राउंडला लावू नये. काहीशे ओहमचा रेझिस्टर मधे घालून लावावी, म्हणजे अंदाज चुकला तरी काही जळत नाही. अंदाज बरोबर असेल तर पंखा फिरू लागतो आणि बाकीच्या पिना एकेक करून आपली ओळख सांगतात. मग त्याच मॉडेलच्या अस्सल मदरबोर्डाशी हा नकाशा ताडून पाहावा: बोर्डावरच्या सॉकेटच्या त्याच पिना ग्राउंडशी बीप देतात का? दोन्ही बाजूंनी जुळलेला नकाशाच खरा धरायचा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला गेलं की नवा साधा एसएमपीएस सहज मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेप बराचसा योग्य आहे. कॅबिनेटमध्ये मानक आकाराची जागा असेल आणि चांगला एसएमपीएस परवडत असेल तर तोच घ्यावा. पण 'चांगला' हा शब्द इथे फार मोठं काम करतो. बाजारातल्या सर्वांत स्वस्त मालाचं लेबल नीट वाचावं. समजा वर ४५० वॅट छापले आहेत आणि खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर आहेत. गुणाकार १६८ वॅट होतो. आजच्या संगणकाच्या उपयोगाची ताकद एवढीच, बाकीचे वॅट कागदावर. उलट मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस डेस्कटॉपमधला २४० वॅटचा एसएमपीएस डेल्टा, लाइटऑन, एफएसपी यांच्यासारख्या कारखान्यांतून येतो आणि वर्षानुवर्षं दिवसभर चालण्यासाठी घडवलेला असतो. शिवाय त्यातल्या अनेकांचा आकारही त्या अरुंद कॅबिनेटपुरताच असतो, तिथे बाजारातला मानक डबा मावतच नाही. कंपन्यांनी टाकून दिलेले असे हजारो डेस्कटॉप जुन्या बाजारात येतात. बोर्ड गेलेला असतो, एसएमपीएस ठणठणीत असतो, आणि केवळ पिना अनोळखी म्हणून तो भंगाराच्या ढिगात जातो. तिथे तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम काढून घेतलं जातं आणि उरलेलं जाळलं जातं. दोनशे रुपयांची केबल आणि दोन तासांचं काम यांची तुलना नव्या एसएमपीएसच्या किमतीशी करताना हा ढीगही हिशेबात धरला पाहिजे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी जराही हलका मानत नाही. एसएमपीएसच्या डब्याच्या आत २३० व्होल्टची मेन्स सरळ होऊन सुमारे ३२५ व्होल्ट होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ साठून राहतात. म्हणून वर सांगितलेलं सगळं काम डब्याबाहेरच्या तारांवरचं आहे. डबा उघडण्याचं काम ज्याला ती विद्या येते त्यानेच करावं. बाहेरचे १२ व्होल्ट धक्का देत नाहीत, पण ५०-१०० अँपिअर देऊ शकणाऱ्या सर्व्हरच्या एसएमपीएसवर शॉर्ट झाला तर तार लालभडक व्हायला एक क्षण पुरतो. तिथे फ्यूज हवाच. एवढं मान्य करूनही धोक्याचा आक्षेप कंपन्यांच्या तोंडी शोभत नाही. 'नकाशा प्रसिद्ध केला तर लोक भलतंच काही जोडतील' असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं, की नकाशा नसताना लोक थांबलेले नाहीत. ते ऑनलाइन मिळणाऱ्या बेनामी जोडतारा विकत घेतात, ज्यात करडी तार कुठे बांधली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अपघात लपवलेल्या नकाशामुळे जास्त होतात.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाले. या दोन्हींच्या चर्चेत मोबाईल, फ्रिज, ट्रॅक्टर असतात. एसएमपीएसच्या कनेक्टरचा नकाशा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, इतका तो बारीक आहे. पण मागणी करायचीच तर यापेक्षा स्वस्त मागणी सापडायची नाही. कुठलं तंत्रज्ञान उघड करायचं नाही, रचना बदलायची नाही, मानक पाळायची सक्तीही नाही. डब्यावर आधीच एक लेबल चिकटवलेलं असतं आणि त्यावर व्होल्ट-अँपिअरचा तक्ता छापलेला असतो. त्याच लेबलवर कनेक्टरचं एक छोटं चित्र आणि प्रत्येक पिनेसमोर तिचं काम, एवढीच भर घालायची आहे. कायदा तिथवर पोहोचेपर्यंत, ज्याने मल्टीमीटर घेऊन एखाद्या एसएमपीएसचा नकाशा काढला त्याने तो मॉडेल क्रमांकासह कागदावर उतरवून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवावा. दहा वर्षांनी झाकण काढणाऱ्याला करडी तार कुठे गेली आहे ते त्या कागदावर वाचता येईल.